भाचीच्या पायातली दोरी

चढ चढणं माझ्या धंद्याच्या विरुद्ध आहे. मी लिफ्टच्या देखभालीची कंत्राटं विकतो. जो माणूस दिवसभर लोकांना पटवत असतो की जिना ही मागच्या शतकातली गोष्ट आहे, तो संध्याकाळी जिन्यावर सापडला तर कंपनीची काय शोभा राहील? म्हणून मी पहिल्या मजल्यावरसुद्धा लिफ्टनेच जातो. कधीकधी ती यायला चार मिनिटं लागतात. मी थांबतो. याला तत्त्व म्हणतात. कुल्याश अपा याला दुसरं काहीतरी म्हणतात, पण तो शब्द चारचौघांत लिहिण्यासारखा नाही.

कुल्याश अपा म्हणजे माझ्या बहिणीच्या, कमशातच्या, सासूबाई. सगळं सुरू झालं ते त्यांच्या चहाच्या दस्तरखानावर, म्हणजे खाण्यासाठी अंथरलेल्या चादरीवर. माझी भाची इंजू नुकतीच अकरा महिन्यांची झाली होती आणि उभी राहायला लागली होती. मूल उभं राहिलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची आणि ती एखाद्या लायक माणसाच्या हातून कापून घ्यायची, हे काही मी सांगायला नको. कापणाऱ्याची चाल पुढे त्या मुलाला लागते, हेही नको. आता इंजू पहिल्यांदा उभी राहिली ती माझं बोट धरून. त्या घरात धरायला टेबल होतं, सोफा होता, अक्रोडाच्या लाकडाचं चांगलं दीडशे किलोचं कपाट होतं. ते सगळं सोडून तिने माझी करंगळी निवडली. त्यामुळे दोरी कोण कापणार हा प्रश्न माझ्या लेखी उरलाच नव्हता. मी ऑफिसात रजासुद्धा टाकून ठेवली होती. कारणाच्या रकान्यात 'सन्मान' असं लिहिलं होतं.

मी हे चहा पिताना सहज बोलून गेलो. कुल्याश अपांनी माझी वाटी घेतली आणि काठोकाठ भरून परत दिली.

आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धीच वाटी देतात, म्हणजे ती पुन्हा पुन्हा भरता येते आणि पाहुणा बसून राहतो. वाटी काठोकाठ भरली, की पाहुण्याने आपले जोडे शोधायचे. मी आयुष्यात अशा तीन वाट्या प्यायलो आहे. पैकी दोन कुल्याश अपांच्या.

मग त्या अगदी मायेने बोलल्या. मामा गुणी आहे, मामा प्रेमळ आहे, पण मुलगी जर मामाच्या चालीने चालली तर ती शाळेत पोचेपर्यंत तिच्या वर्गातल्या मुली आज्या झालेल्या असतील. त्यापेक्षा दोरी तेमिरखानने कापावी. तेमिरखान म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा, कमशातचा दीर. व्यायामशाळेत शिकवतो. अंड्यातला पिवळा भाग बाजूला काढतो आणि त्याच्याकडे तुच्छतेने बघतो. त्याच्या मनगटावर एक घड्याळ आहे, ते त्याच्या हृदयाचे ठोके मोजतं आणि काही चुकलं तर त्याला रागावतं. त्या क्षणी तो दस्तरखानाच्या पलीकडे मांडी घालून बसला होता आणि बसल्या बसल्या पोटऱ्यांचा व्यायाम करत होता.

अपा पुढे म्हणाल्या की त्यांच्या आउलात, म्हणजे गावाकडे, असले वादच नसत. ज्या बायकांना दोरी कापायची हौस असे त्या वेशीपासून धावत सुटत. पहिली येईल तिच्या हातात सुरी.

"मग आम्हीही धावू," मी म्हणालो.

मी हे का म्हणालो याचा मी बराच विचार केला आहे. माझा संशय त्या काठोकाठ वाटीवर आहे.

तेमिरखानने पोटऱ्या थांबवल्या आणि किती, असं विचारलं. मला अंतरातलं काही कळत नाही. मला मजले कळतात. त्या आठवड्यात मी एका सत्तावीस मजली इमारतीच्या कंत्राटामागे लागलो होतो, म्हणून तोंडातून निघून गेलं, सत्तावीस. किलोमीटर हा शब्द तेमिरखानने जोडला. सपाटीवरचे की चढाचे, असंही त्याने विचारलं. एव्हाना माघार घेण्याची वेळ गेली होती. चढाचेच, मी म्हणालो, सपाटीवर काय कुणीही धावेल.

दारात जोडे घालताना कमशातने मला गाठलं. माझी बहीण रागावली की आवाज चढवत नाही, उतरवते.

"दादा, तुझ्या हातून दोरी कापायची म्हणून मी दोन महिने सासूबाईंना वळवत होते," ती म्हणाली. "त्या जवळजवळ वळल्या होत्या. या घरात सगळे वेळेवर उठतात, वेळेवर जेवतात, वेळेवर हसतात. मला एक तरी माणूस तुझ्यासारखा हवा होता रे इथे."

मी तिला म्हणालो की मी जिंकेन. ती हसली. ते हसणं वेळेवर नव्हतं.

*

आमच्या इमारतीत काहीही लपून राहत नाही, कारण तिसऱ्या मजल्यावर रिम्मा ल्वोव्ना राहतात. चाळीस वर्षं शाळेत कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण शिट्टी निवृत्त झाली नाही. ती अजून त्यांच्या गळ्यात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिफ्टची वाट बघत उभा असताना मागून शिट्टी वाजली आणि मी जिन्याने वर गेलो. कसा गेलो ते मला माहीत नाही. तत्त्व खालीच राहिलं.

त्यानंतरचे पाच आठवडे सल्ल्यांचे होते. रिम्मा ल्वोव्ना म्हणाल्या, नाकाने श्वास घे. नूडल्सचं दुकान चालवणारा आमचा उइगुर शेजारी तुर्सुनजान म्हणाला, श्वास कशानेही घे, पण रोज सकाळी दुंबा मेंढ्याच्या शेपटीची चरबी खा, तिने फुप्फुसांना वंगण मिळतं. वंगण हा शब्द माझ्या धंद्यातला असल्यामुळे मला ते पटलं. तळमजल्यावरच्या जुमाताय अतांनी, म्हणजे जुमाताय आजोबांनी, सल्ला दिला नाही. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अंगणातल्या बाकावर बसून स्वतःशीच बुद्धिबळ खेळतात, बहुतेक वेळा हरतात. त्यांनी मला पहिल्या दिवशी अंगणाला दोन फेऱ्या मारताना पाहिलं आणि बाकावर सरकून जागा करून दिली. इतका योग्य सल्ला मला नंतर कुणी दिला नाही.

शर्यतीचा मार्ग रिम्मा ल्वोव्नांनीच आखला. आमच्या अंगणातून निघायचं, कोक-तोबे टेकडीच्या पायथ्याच्या गल्ल्यांतून वर, गोर्नी गिगांतच्या बंगल्यांमधून आणखी वर, पुढे त्याहून वर कामेन्काच्या पठारावर, आणि तिथून सरळ उतरत परत आमच्या अंगणात. समारंभ त्याच अंगणात ठेवायचा ठरला, म्हणजे जिंकणाऱ्याने आल्या आल्या दोरी कापायची. कागदावर तो मार्ग एखाद्या आजारी माणसाच्या तापाच्या तक्त्यासारखा दिसत होता.

मग दोनच माणसं धावली तर बरं दिसत नाही म्हणून बाईंनी इमारतीच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. फुकट शर्यत. नावनोंदणी नाही, क्रमांक नाही, पदक नाही. कारण विचारू नये.

कारण विचारू नये, हे वाचून शेजारच्या दोन इमारती सामील झाल्या. फुकट हे वाचून सगळी गल्ली. एका गृहस्थांनी मला जिन्यात, म्हणजे लिफ्टसमोर, अडवून विचारलं की नेमकं काय फुकट आहे. मी म्हणालो, धावणं. ते म्हणाले, ते तर एरवीही फुकटच असतं. मी म्हणालो, हो, पण आता जाहीर झालंय. हे त्यांना पटलं आणि ते बायको-मेव्हण्यासकट आले.

सत्तर माणसं झाल्यावर कुणीतरी परवानगीचा विषय काढला. म्हणून मी एका कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथल्या बाई मला आवडल्या. त्यांनी पूर्ण पाऊण तासात एकदाही मान वर केली नाही, पण त्यांचं तर्कशास्त्र निर्दोष होतं. त्या म्हणाल्या की आयोजक नसेल तर परवानगी कुणाला द्यायची? आणि आयोजक असेल तर शर्यत अनौपचारिक कशी? मी म्हणालो, मग आम्ही अनौपचारिकपणे परवानगीशिवाय धावतो. त्या म्हणाल्या, त्यासाठी वेगळा अर्ज आहे. तो सात नंबरच्या खिडकीवर मिळाला. सात नंबरवाल्याने तो वाचून चार नंबरवर पाठवला, म्हणजे पुन्हा त्याच बाईंकडे. एव्हाना आमची जुनी ओळख झाली होती.

"शेवटी जेवण आहे का?" त्यांनी विचारलं.

आहे, मी म्हणालो, भाचीच्या दोरीचा समारंभ आहे. तेव्हा कुठे त्यांचा पेन हलला. मग ही शर्यत नाही, त्या म्हणाल्या, ही कौटुंबिक मिरवणूक आहे, सरळ तसं सांगायचं ना. पाच मिनिटांत परवाना झाला. अटी दोनच होत्या. मिरवणुकीच्या पुढे फिती लावलेलं एक वाहन हवं आणि त्यात एक जबाबदार ज्येष्ठ व्यक्ती बसलेली हवी. आणि मिरवणुकीतल्या कुणीही त्या वाहनाच्या पुढे जाता कामा नये.

वाहन तुर्सुनजानचं ठरलं. ती एक जुनी व्हॅन आहे, एका बाजूचं दार दोरीने बांधलेलं, आतून कायम कांद्याचा वास. ज्येष्ठ व्यक्ती म्हणून जुमाताय अतांना विचारलं. ते म्हणाले, कुणीतरी जबाबदारी देईल म्हणून मी निवृत्त झाल्यापासून वाट बघतोय. त्यांनी घरात जाऊन पांढरी फेल्टची टोपी घातली आणि तिथपासून समारंभापर्यंत चार दिवस ती काढली नाही.

*

मे महिन्यातला रविवार होता. सकाळी नऊला अंगणात ऐंशीच्या वर माणसं जमली होती. निम्म्यांच्या पायात बूट होते, बाकीच्यांच्या पायात जे असतं ते होतं. तेमिरखान घट्ट काळ्या कपड्यांत आला होता आणि जागच्या जागी उड्या मारत होता. इंजू कमशातच्या कडेवर होती. तिने मला बघून करंगळीसाठी हात पुढे केला. मी बोट दिलं. तिने ते तोंडात घातलं. कुल्याश अपा म्हणाल्या, आता सोडा त्याला, एवढ्यात निघाला तर कदाचित उद्यापर्यंत येईल.

अतांनी आशीर्वाद दिला. तो लांबला, कारण त्यांनी धावणाऱ्यांपासून सुरुवात करून शेवटी पावसापाण्यापर्यंत कुणालाच वगळलं नाही. आम्ही ओंजळी पसरून उभे राहिलो. मग ते व्हॅनमध्ये बसले, रिम्मा ल्वोव्नांनी शिट्टी फुंकली आणि आम्ही निघालो.

पहिला किलोमीटर मी खरोखर धावलो. याला साक्षीदार आहेत. दुसऱ्या किलोमीटरला माझ्या लक्षात आलं की आमच्या शहरात सगळं काही वर तरी असतं नाही तर खाली, आणि आपण राहतो तिथून बहुतेक सगळं वर असतं. तेमिरखान व्हॅनच्या मागच्या दाराला नाक लावून धावत होता आणि मी त्याच्यापासून दीडशे पावलं मागे होतो. सरळ हिशेब केला तर सत्तावीस किलोमीटरांत तो समारंभ आटोपून, जेवून, वामकुक्षी घेऊन मला घ्यायला येऊ शकला असता.

आणि मग पहिलं टेबल आलं.

रिम्मा ल्वोव्नांनी मार्गावरच्या सात घरांना प्रत्येकी एक बादली पाणी ठेवायला सांगितलं होतं. ही त्यांची एकमेव चूक, आणि ती मी बाईंना कधी बोलून दाखवणार नाही. कारण दाराशी आलेल्या ऐंशी माणसांना नुसतं पाणी द्यायचं, ही गोष्ट आमच्या इथल्या कुठल्या बाईला झोपेतही सुचणार नाही. पहिल्या घराने पाण्याशेजारी रोटी ठेवली. ती बातमी फोनवरून दुसऱ्या घराला कळली, त्यांनी गरम बाउरसाक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळले. तिसऱ्या घराने बाउरसाकांवर साय आणि जर्दाळूचा मुरंबा ठेवला. चौथ्याने घोड्याच्या मांसाचं सॉसेज कापलं. पाचव्या घरातल्या बाईंचं आणि चौथ्या घरातल्या बाईंचं गेल्या वर्षापासून जमत नाही, त्यामुळे पाचव्या घरापुढे कढई चढली होती.

रोटी समोर आली की एक तुकडा मोडून तोंडात घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कुणीही असो, कितीही घाई असो. तेमिरखानने पहिल्या टेबलाशी धावता धावता तुकडा उचलायचा प्रयत्न केला, पण त्या घरच्या आजींनी त्याची बाही पकडली आणि विचारलं, कुणाचा रे तू? एकदा हा प्रश्न विचारला गेला की सात पिढ्या सांगाव्या लागतात. दरम्यान जुमाताय अतांना व्हॅनमधून उतरवून मानाच्या जागी बसवलं गेलं, कारण ज्येष्ठ माणसाला गाडीत ठेवून कसं चालेल, आणि खाऊन झाल्यावर अर्थातच त्यांनी त्या घराला आशीर्वाद दिला. ओंजळी पुन्हा पसरल्या. तोपर्यंत मी, मागून, रमतगमत, पोचलो.

असं प्रत्येक टेबलाशी झालं. तेमिरखानने मिळवलेली दीडशे पावलांची आघाडी दर टेबलाशी अतांच्या आशीर्वादात विरघळून जायची. त्याच्या घड्याळाने त्याला चौथ्या टेबलाशी विचारलं, तुम्ही झोपलात का? पाचव्या टेबलाशी त्याने चार वर्षांत पहिल्यांदा अंड्यातला पिवळा भाग खाल्ला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदलत होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला शोभत होतं. मला मात्र काही विशेष त्रास झाला नाही. धावण्याचा सराव मी पाच आठवडे केला होता, पण खाण्याचा एकतीस वर्षं.

कामेन्काच्या चढावर व्हॅन मेली. आधी कांद्याचा वास वाढला, मग वाफ आली, मग तुर्सुनजान उतरून तिच्याशी उइगुरमध्ये काहीतरी खाजगी बोलला, पण ती गेलेली होती. वाहनाच्या पुढे कुणीही जाता कामा नये, रिम्मा ल्वोव्नांनी परवाना वाचून दाखवला. आम्ही व्हॅन ढकलली. ऐंशी माणसं, पोटात सात टेबलं, आणि आत अता, खिडकीतून हात हलवत. तीनशे मीटरनंतर अतांनाच ते पाहवेना. ते उतरले आणि म्हणाले, मी चालत पुढे होतो.

आता पुढे व्हॅन नव्हती, पण अता होते, आणि वयाने मोठ्या माणसाला ओलांडून त्याच्या पुढे कोण जाणार? परवाना नसता तरी कुणी गेलं नसतं. अता हळू चालतात. दर शंभर पावलांना थांबून ते मागे वळून आम्हाला विचारत होते, दमलात का रे पोरांनो? तेमिरखान मुठी आवळून जागच्या जागी धावत होता. माझ्या दृष्टीने शर्यतीचा वेग आता अगदी योग्य झाला होता.

पठारावर एक माणूस पर्यटकांचे फोटो काढायला घोडा घेऊन उभा असतो. म्हातारा घोडा, गळ्यात प्लास्टिकची फुलं, डोळ्यांत जगाचा कंटाळा. रिम्मा ल्वोव्ना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी परवाना पुन्हा उघडला.

"वाहन असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "इंजिनाविषयी यात काही नाही."

व्हॅनच्या फिती सोडून घोड्याला बांधल्या. फोटोवाला भला माणूस निघाला, त्याने पैसे घेतले नाहीत. ज्येष्ठ माणसाला घोडा द्यायचा तर पैसे कसले, म्हणाला. अता चढले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते ज्या रीतीने खोगिरावर बसले ते बघून आम्ही सगळे जरा नीट उभे राहिलो. मग शिट्टी वाजली आणि ऐंशी माणसं घोड्यामागून पळायला लागली.

त्या घोड्याच्या मागे आयुष्यात कुणी पळालं नव्हतं. लोक त्याच्या शेजारी उभे राहून हसायचे, बस. आता मागून एवढी दणदण ऐकल्यावर त्याच्या रक्तातून काहीतरी वर आलं असावं. त्याने कान टवकारले. त्याला वाटलं, मोठी बैगा लागली आहे, घोड्यांची शर्यत, गवताळ रानातली, पल्ल्याची, आणि आपण तिच्यात सगळ्यांत पुढे आहोत. त्याने मान लांब केली आणि उताराला लागला. अतांनी लगाम ओढला असेल असं मी समजत होतो. ते जवळून बघणाऱ्यांनी मला नंतर सांगितलं की अतांनी लगाम सैल सोडला होता आणि टोपी हातात घेऊन हवेत फिरवत होते.

अशा रीतीने एकविसाव्या किलोमीटरला आमची शर्यत सुरू झाली.

उतार हा एकच असा रस्ता आहे जिथे माझं वजन माझ्या बाजूने असतं. पहिल्यांदा मी बायकोसह आलेल्या गृहस्थांना मागे टाकलं, मग त्यांच्या मेव्हण्याला. मग दोन विद्यार्थी, मग एक टपालखात्यातला माणूस. चौथ्या वळणावर तेमिरखान दिसला. त्याचं तंत्र उत्तम होतं, पण आत सात घरांचा पाहुणचार होता आणि तो प्रत्येक पावलाला उजवीकडून डावीकडे जात होता. मी त्याच्या शेजारून गेलो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी मोठ्या मनाचं बोलायचं ठरवलं होतं, पण तोवर मी पुढच्या चौकात होतो.

लिफ्टही अशीच खाली येते. फरक एवढाच की तिला ब्रेक असतात. ब्रेकचं महत्त्व मी ग्राहकांना किती वेळा समजावून सांगितलं आहे.

आमचं अंगण दिसलं. फाटकात घोडा फिती हलवत गवत खात होता. पांढरा गालिचा अंथरला होता आणि त्याच्या टोकाशी इंजू बसली होती, पायांत काळी-पांढरी दोरी. बायका मिठाई उधळायला मुठी भरून तयार होत्या. कुल्याश अपांनी मला पाहिलं. मी पहिला होतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे, कारण तसं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही फक्त दोन सेकंद बघितलं. तिसऱ्या सेकंदाला मी गालिच्याच्या कडेने, लोकांच्या मधून, मिठाईच्या वर्षावाखालून, समोरच्या फाटकातून बाहेर गेलेलो होतो.

अंगणाच्या पलीकडेही उतारच आहे.

मी थांबलो तो सहाशे मीटर खाली, एका ओकच्या झाडाला मिठी मारून. झाडाचा मी अजून आभारी आहे. पायांना वर जायला सांगितलं तर त्यांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

मागे काय झालं ते मला कमशातने सांगितलं. तेमिरखान आला, गालिच्यावर उभा राहिला, आणि कुल्याश अपांनी त्याच्यापुढे सुरी धरली. त्यांचं म्हणणं असं की सुरी आलेल्या माणसाला देतात, गेलेल्या माणसाला नाही. पोरीचे पाय बांधलेले आहेत, पाहुणे खोळंबले आहेत, मांस शिजलं आहे. कमशातने इंजूला जवळ घेतलं.

तेमिरखानने हात मागे घेतले.

"आई, तो माझ्या आधी गेला," तो म्हणाला. "कुठे गेला ते माहीत नाही. पण आधी गेला."

आणि तो फाटकातून बाहेर पडून मला शोधत खाली आला.

मला वाटलं तो मला खांद्यावर टाकून नेईल. नेलं असतं तर मी नाही म्हणालो नसतो. त्याने माझे हात एकेक करून झाडापासून सोडवले आणि म्हणाला, दादा, उचलून नेलेला माणूस पोचला असं आई मानणार नाही, चल. मग आम्ही वर निघालो. मी दहा पावलं चालायचो आणि भिंत धरायचो. त्यात मला ढेकर आला, त्याला ढेकर आला, आम्ही पाचव्या घराच्या कढईविषयी थोडं बोललो. सहाशे मीटरला आम्हाला वीस मिनिटं लागली. साऱ्या रस्त्यात त्याने एकदाही मला मागे टाकलं नाही. मी हळू झालो की तोही हळू व्हायचा, बरोबर एक पाऊल मागे. फाटकाशी आल्यावर मी म्हणालो, तू हो पुढे. तो म्हणाला, तू मोठा आहेस.

इतका वेळ पाहुणे थांबले होते. घोडासुद्धा थांबला होता. अता मानाच्या जागी बसून चहा पीत होते आणि अपांना समजावत होते की जो पहिलाही आला आणि शेवटीही आला त्याने मधल्या सगळ्यांना दोनदा मान दिला, आता आणखी काय हवं.

कुल्याश अपांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग सुरी माझ्या हातात दिली आणि माझं मनगट स्वतःच्या हाताने घट्ट धरलं.

"थरथरतोयस, मामा," त्या म्हणाल्या. "दोरी काप. पाय राहू देत."

मी कापली. दोरी लोकरीची होती, तिला आवाज नसतो, तरी मला ऐकू आला. कमशात रडत होती आणि हसत होती, दोन्ही अवेळी. मी इंजूपुढे करंगळी धरली. तिने ती घट्ट पकडली, उभी राहिली, गालिच्यावर एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मिठाई उधळली गेली, पोरंटोरं जमिनीवर लोळली, आणि त्या गोंधळात तिने माझं बोट सोडून दिलं. मी रिकाम्या बोटाकडे बघत राहिलो. तिसरं पाऊल, चौथं, पाचवं तिने एकटीने टाकलं. सहाव्याला गालिचा संपला. ती थांबली नाही. ती मिठाईकडे वळली नाही, आईकडे वळली नाही, ती सरळ समोरच्या फाटकाकडे निघाली, जिथून उतार सुरू होतो, आणि तिचा वेग वाढत होता.

ऐंशी माणसं उठली. त्यांतली कुणीही धावण्याच्या लायकीची राहिली नव्हती. तेमिरखान दोन पावलांत पोट धरून खाली बसला. कुल्याश अपा मात्र सुटल्या. घागरा मुठीत धरून, डोक्यावरचा रुमाल मागे उडवत, वेशीपासून आलेल्या पोरीसारख्या त्या सगळ्यांना ओलांडून गेल्या आणि फाटकाच्या उंबऱ्यावर त्यांनी नातीला उचललं. इंजू त्यांच्या हातांतही हवेत पाय मारत होती, खिदळत होती.

अपा धापा टाकत माझ्यापर्यंत आल्या. गाल लाल, केस मोकळे. मला वाटलं, आता वाटी काठोकाठ भरणार.

"चालायला तू शिकवलंस," त्या म्हणाल्या. "आता हिला थांबायला कोण शिकवणार?"

मी म्हणालो, अपा, ते मला येत असतं तर मी झाडाला कशाला मिठी मारली असती.

त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांना खाली बसावं लागलं, गालिच्यावर, माझ्या शेजारी, आणि त्यांनी इंजूला आमच्या दोघांच्या मधे सोडलं. ती लगेच उठली आणि निघाली.